चारही कोपरे

"कुणाचं गेलं गं?"

आजीने दारातूनच विचारलं आणि मला आधी प्रश्नच कळला नाही. जेवणाच्या टेबलावर मी नऊ कार्डं वाळत टाकली होती, हातकागदाची, कडा खडबडीत, आणि प्रत्येक कार्डाचा खालचा एक कोपरा मी मुद्दाम हाताने जरासा फाडला होता, कारण फाटलेल्या कडेवर रंग पसरतो तो मला फार आवडतो. आजी देवळातून आली होती, हातात प्रसादाची वाटी, आणि उंबऱ्याच्या आत यायला तयारच नाही. "ती आधी उचल तिथून" एवढंच म्हणाली.

मी उचलली. मग पायरीवर बसून तिने सांगितलं की तिच्या माहेरी, आणि लग्नानंतर आमच्या वाईच्या घरी सुद्धा, कोपरा फाडलेलं कार्ड आलं की ते घरात न्यायचं नाही. कुणीतरी गेलेलं असतं. पोस्टमन लांबूनच हाक मारायचा, त्याचा आवाजच वेगळा यायचा, आजोबा अंगणात उभं राहून वाचायचे, वाचलं की फाडून टाकायचे आणि डोक्यावरून पाणी घेऊनच आत यायचे. लग्नमुंजीचं असेल तर कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं असायचं. म्हणजे एक अक्षरही न वाचता, ज्याला वाचता येत नाही त्यालाही, कार्डाच्या कोपऱ्यावरून कळायचं आपल्या घरात आता काय होणारे. आणि तार आली म्हटलं की तर बायका न वाचताच रडायला लागायच्या.

मला हे माहीतच नव्हतं. चाळीशीला आलेली बाई मी, सात वर्षं जगभर कार्डं पाठवतेय आणि ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. ती नऊच्या नऊ कार्डं मी पाठवली नाहीत. आजीच्या समोर नीट कात्रीने कापून टाकली आणि दुसऱ्या दिवशी परत नऊ करायला बसले.

हे सगळं काय चाललंय ते सांगते आधी. पोस्टक्रॉसिंग नावाचा एक प्रकार आहे. पोर्तुगालमधल्या पाउलो मागल्याइश नावाच्या मुलाने, तेव्हा तो विद्यार्थी होता, १४ जुलै २००५ ला सुरू केला, कपड्यांच्या कपाटात ठेवलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर. त्याला पत्रं यायला आवडायची, बास. (१४ जुलै ही तारीख माझ्या लक्षात राहायचं कारण वेगळंय, बरोब्बर आठ वर्षांनी, १४ जुलै २०१३ हा आपल्याकडच्या तारसेवेचा शेवटचा दिवस होता.) तुम्ही नाव नोंदवायचं, मग तुम्हाला जगातल्या कुठल्यातरी अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो आणि कार्डावर लिहायला एक नंबर. कार्ड पोचलं की तो माणूस नंबर टाकून सांगतो की मिळालं. आणि मग तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो, त्याचं कार्ड तुम्हाला येतं. ज्याला पाठवलं त्याने उलट पाठवायचं असं नाही. सुरुवातीला एका वेळी पाचच कार्डं वाटेत ठेवता येतात, नंतर हळूहळू संख्या वाढते.

आजीला हे समजवायला मला वाटलं होतं तास लागेल. ती म्हणाली, "म्हणजे संक्रांतीचं वाण की. आपण ज्यांना लुटतो त्याच आपल्याला देतात असं कुठाय." झालं. मी आजवर कुणाला याहून नीट समजवू शकले नाहीये.

बरेच लोक विकतची कार्डं पाठवतात आणि त्यात काहीच वाईट नाही, काहींनी तर आपल्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं असतं की घरी केलेलं नको, तुमच्या गावाचा फोटो असलेलं छापील कार्डच हवं. मी ते पाळते. पण वाईचं छापील कार्ड मला कधी दुकानात मिळालं नाही, आणि मी हाताने करायला लागले ती त्यामुळेच खरं तर. पहिलं कार्ड म्हणजे ढोल्या गणपतीचा घाट, पेनाने काढलेला, पायऱ्या सगळ्या तिरक्या आल्या होत्या. ते जर्मनीला गेलं. तिकडच्या बाईंनी लिहिलं की मी पायऱ्या मोजल्या. विचार करा, कुणीतरी बसून पायऱ्या मोजल्या!

कागद मी पुण्याहून आणते, शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून, ती १९४० पासून आहे. चिंध्यांच्या लगद्याचा कागद, रंग पितो पण फाटत नाही. घरी आणून कापायचा, ९ बाय १४ सेंटिमीटरपेक्षा लहान चालत नाही, तेवढा तर हवाच, मी थोडा मोठाच ठेवते. मग रंग. जलरंग वापरते पण आमच्या घरात हळद आहे ना, वाईची, तर हळद पाण्यात कालवून कागदावर पातळ हात फिरवला की जो पिवळा येतो तो कुठल्या ट्यूबमध्ये मिळत नाही. आणि त्याच हळदीत जरा चुना घातला की लाल. आजीनेच शिकवलं, कुंकू असंच करायचे म्हणाली, हळदीचंच. एका डबीतून दोन रंग. फक्त हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून मी कार्डाच्या मागे लिहिते की खिडकीत ठेवू नका, पुस्तकात ठेवा. एका बाईंनी कळवलं की त्यांनी मुद्दाम खिडकीतच ठेवलं, रोज किती फिकं होतंय ते बघायला, आणि दोन महिन्यांनी फक्त पेनाच्या रेघा उरल्या होत्या त्याचा फोटो पाठवला. मला आधी वाईट वाटलं, मग नाही वाटलं. त्या घाटावर त्यांच्याकडचं ऊन पडलं होतं.

भेंडीचे ठसे. शाळेत ठसेकामाच्या तासाला केलेत ना सगळ्यांनी, आडवी कापलेली भेंडी रंगात बुडवायची आणि पाच पाकळ्यांचं फूल उमटवायचं. हे कार्ड सगळ्यात जास्त लोकांना आवडलंय, म्हणजे मी तासन् तास बसून मेणवलीच्या घाटावरची ती पोर्तुगीज घंटा काढते आणि लोक भेंडीवर खूश होतात. घंटेचं कार्ड मात्र एकदा बरोबर जागी गेलं. पत्ता आला पोर्तुगालचा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली त्या मोहिमेनंतर ही घंटा इकडे आली, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत, आणि ती नाना फडणवीसांच्या मेणवलीत शंकराच्या देवळापाशी आहे. हे सगळं एका कार्डावर बारीक अक्षरात लिहिलं. पाठवताना जरा धाकधूक होती की युद्धाची आठवण कशाला. उत्तर आलं, आमच्याकडच्या ओतकामवाल्यांचं काम अजून वाजतंय हे कळून बरं वाटलं, ती वाजते का? वाजते, असं मी कळवलं.

पावसाळ्यात मात्र हाल. जुलैत आमच्याकडे हवा अशी ओली असते की रंग तीन तीन दिवस वाळत नाही, कागद कुरकुरीत राहायचा सोडून पापडाच्या लाटीसारखा मऊ पडतो आणि वाळल्यावर वाकतो. मग दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवायचं. खरी पानंफुलं चिकटवायचा मोह होतो पण ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडला तसलं काही चालत नाही, बिया तर नाहीच नाही, तिकडची तपासणी कडक आहे आणि ते बरोबरच आहे, त्यांची झाडं त्यांनी सांभाळायची. म्हणून पान काढायचं, चिकटवायचं नाही.

चित्र होतं. अवघड असतं ते मागचं. अर्धी जागा पत्त्याला जाते, उरलेल्या तळहाताएवढ्या जागेत ज्याला मी कधी बघणार नाही त्याला काय सांगू? आपल्याकडे पत्राला सगळं ठरलेलं होतं. तीर्थरूप, शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि., इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवणे, पत्रास कारण की. निम्मं कार्ड तिथेच संपायचं. पोस्टकार्ड जन्माला आलं तेच म्हणे या असल्या कारणाने. ऑस्ट्रियात एमान्युएल हेरमान नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांचं म्हणणं होतं की चार शब्दांच्या निरोपासाठी पत्राचा एवढा खटाटोप, कागद, लिफाफा, मायने, वेळ, हे परवडत नाही. १ ऑक्टोबर १८६९ ला तिकडे पहिलं कार्ड निघालं. आपल्याकडे दहाच वर्षांत, १८७९ मध्ये, पाव आण्याला मिळायला लागलं. आज देशातल्या देशात पाठवायचं साधं कार्ड ५० पैशाला आहे, आणि ५० पैशाचं नाणं मात्र माझ्या पर्समध्ये किती वर्षांत आलेलं नाही.

पण आजी म्हणायची मायने असायचेच पाहिजेत. कारण कार्ड उघडं. पोस्टमन वाचणार, शेजारी वाचून दाखवणार, सासरे वाचणार. मनातलं लिहिता यायचं नाही, मग "इकडील सर्व क्षेम" कसं लिहिलंय, अक्षर थरथरलंय का, शाई कुठे पसरलीये का, यावरून आईला कळायचं. तिच्या आईला वाचताच येत नव्हतं. ती कार्ड हातात घेऊन नुसती बघत बसायची म्हणे, आणि मग कुणाला तरी वाचायला द्यायची.

मी माझ्यापुरतं असं ठरवलं की त्या दिवशी जे झालं तेच लिहायचं, मोठं काही नाही. आज कृष्णेला पाणी किती आहे. आज बसस्टँडवर स्ट्रॉबेरीचे पहिले खोके आले. आज पसरणी घाटात ढग उतरले. आणि शेवटी एक ओळ मराठीत, जे इंग्रजीत लिहिलंय त्याचं भाषांतर नव्हे, वेगळीच एक ओळ, ती ज्याची त्याने ठेवावी. नेदरलँड्सच्या एका मुलीने विचारलं होतं की तुमची अक्षरं दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी का असतात. तिला मी पुढे पूर्ण बाराखडी पाठवली, दोरीवर.

आणि आजीची रांगोळी. आजी शेवटपर्यंत रोज दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची, हात थरथरायचा पण ठिपके एका रेषेत. एकदा मी तिला म्हटलं कार्डावर काढ ना. ती म्हणाली रेघा नाही जमणार आता, ठिपके देते. नऊ ठिपके नऊ ओळी तिने काळ्या शाईने दिले आणि दमून गेली. मी ते तसंच पाठवलं, तैवानला, मागे लिहिलं की हे माझ्या आजीने दिलेले ठिपके आहेत, रेघा तुम्ही जोडा. महिन्याभराने फोटो आला. त्या मुलीने ठिपके आपल्या पद्धतीने जोडले नव्हतेच, ठिपक्यांच्या मधून, त्यांना न शिवता, एकच लांब रेघ फिरवत नेली होती. मी जरा हिरमुसले. आजीने मोबाईल डोळ्यांजवळ धरून खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, "असंही होतं होय." दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तिने तसंच काढून बघितलं.

त्या दिवसापासून आजी यात आली ती आलीच. पत्ता मिळाला की मी तिला त्या माणसाची माहिती वाचून दाखवायची. कोण आहे, काय करते, मुलंबाळं, काय आवडतं. तिला देशांची नावं लक्षात राहायची नाहीत, माणसं राहायची. मांजरवाली, दोन जुळी असलेली, पाय मोडलेला शिक्षक. "पाय मोडलेल्याचं पोचलं का?" असं विचारायची. एकदा जर्मनीच्याच एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या मुलीचं लग्न आहे येत्या उन्हाळ्यात. आजी उठली, देवघरातून कोयरी आणली आणि माझ्या तयार कार्डाच्या चारही कोपऱ्यांना बोटाने हळद लावली, कुंकू लावलं. मी म्हणत होते अगं पुसलं जाईल, मशीनमधून जातं ते, आणि तिकडे कुणाला कळणारे. "त्यांना कशाला कळायला पाहिजे. शुभ आहे ते शुभ आहे." पोचेपर्यंत कोपऱ्यांना फक्त फिकट पिवळे डाग उरले होते. बाईंनी विचारलं हे काय, मी सांगितलं. लग्नाच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर ते कार्ड लावलंय म्हणून त्यांनी कळवलं. आजीने ऐकलं आणि "लावणारच" म्हणाली, जशी काही तिची नातच होती ती.

येणारी कार्डं आमचे पोस्टमनकाका आणतात. ते वाचतात, आणि लपवत नाहीत. "ताई, आज जपान. बर्फ पडलाय म्हणे तिकडे." मला आवडतं ते. कार्ड हे उघडंच आहे, मग वाटेतल्या माणसांनी त्यातलं जरा जरा घ्यावं. शिक्का मारताना काउंटरवर मी विनंती करते की चित्रावर नको, आणि ते जपून तिकिटावरच मारतात. माझ्या पत्त्यात बाकी काही कुणी चुकवलं तरी ४१२८०३ बरोबर असलं की कार्ड येतं. हा पिनकोड सुद्धा एका मराठी माणसाचं काम, श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे मोठे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी, १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. इतक्या भाषा, इतक्या लिप्या, एकाच नावाची इतकी गावं, त्यावर सहा आकडे. फिनलंडमधल्या कुणाला वाई म्हणजे काय हे कशाला माहीत असायला हवं, आकडे लिहिले की झालं.

पण कधी कधी सगळंच थांबतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विमानंच बंद, माझी पाच कार्डं महिनोनमहिने कुठे होती देव जाणे. त्यातली तीन पोचली नंतर, दोन नाहीत. आणि २०२५ मध्ये अमेरिकेने कमी किमतीच्या परदेशी पार्सलांची ड्युटीतली सूट काढली, वसुली कुणी कशी करायची ते ठरलेलं नव्हतं, विमान कंपन्या टपाल घेईनात, त्यामुळे इकडून तिकडे जाणारी आधी पार्सलं आणि मग ऑगस्टअखेर पत्रं सुद्धा बंद झाली. १ ऑक्टोबर, जागतिक पोस्टकार्ड दिवस, त्यातच गेला. १५ ऑक्टोबरला सुरू झालं परत. माझ्याकडे अमेरिकेतल्या एका आजोबांचं कार्ड करून तयार होतं, त्यांनी लिहिलं होतं की ते आता घराबाहेर पडत नाहीत आणि टपालपेटी बघणं हेच त्यांचं दिवसाचं काम आहे. ते दीड महिना टेबलावर पडून होतं. आजी रोज त्याच्याकडे बघायची. "त्यांना सांगायचं कसं की निघालंय म्हणून." निघालंच नव्हतं गं.

न पोचलेल्या कार्डांबद्दल मला लोक विचारतात, एवढे तास घालवून केलेलं हरवलं तर? साठ दिवस झाले की ते यादीत मुदत संपलेलं म्हणून दिसायला लागतं. मला त्रास होतो, होत नाही असं कशाला म्हणू. माझ्याकडे त्याची प्रत नसते, मी फोटो काढत नाही, ते आधीपासूनच. एकदा पेटीत टाकलं की माझ्यासाठी ते संपलं, पण कुणाला तरी ते मिळावं एवढं तर वाटतंच. मेणवलीच्या घंटेची मी एकूण सहा कार्डं केली आहेत, त्यातलं सगळ्यात चांगलं हरवलेलं आहे. त्यात घंटेच्या खाली एक कुत्रं झोपलेलं होतं, खरंच होतं त्या दिवशी.

दिवाळीनंतर आजी गेली. झोपेतच, पहाटे, रांगोळीच्या वेळेआधी. त्या दिवशी दारात रांगोळी नव्हती, आणि नसणारच होती. सगळ्यांना व्हॉट्सॲपवर कळवलं, दादाने एकच मेसेज लिहिला आणि सगळ्या ग्रुप्सवर टाकला, दहा मिनिटांत सगळीकडे हात जोडलेले. कार्ड कुणालाच लिहायचं नव्हतं.

पण एक पत्ता माझ्याकडे आधीच येऊन पडला होता. फिनलंडच्या एक निवृत्त नर्सबाई, मी आणि आजीने मिळून वाचला होता, आजीने नावही ठेवलं होतं, इंजेक्शनवाली. त्यांनी लिहिलं होतं की मला देवळं किल्ले नकोत, आज तुमच्या घरी काय शिजलं ते सांगा, मी ते करून बघते. तेरा दिवस मी रंगांना हात लावला नाही. तेराव्याच्या संध्याकाळी पाहुणे गेले, भांडी घासून झाली आणि मी टेबलाशी बसले. हातकागदाचं एकच कापलेलं कार्ड उरलं होतं. भेंडी काही घरात नव्हती. हळद कालवली आणि नुसता पिवळा हात फिरवला, मग वाळल्यावर पेनाने नऊ ठिपके नऊ ओळी दिले. माझे ठिपके तिच्यासारखे एका रेषेत येत नाहीत.

मागे काय लिहावं तेच कळेना. त्या बाई आजीला ओळखत नाहीत, आणि तरी जगात तेव्हा मला फक्त त्यांनाच सांगावंसं वाटत होतं. कार्डाचा कोपरा मी चिमटीत धरला होता, जरासा ओढला असता की झालं असतं, आणि त्यांना काय कळणार होतं, कागद आधीच खडबडीत. पण आजीने ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. तिच्या नाही आणि कुणाच्याच घरात. त्या एकट्या राहतात.

मग लिहिलं. आज आमच्याकडे गोडाचं जेवण होतं. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडई. चण्याची डाळ शिजवून गुळात घोटायची, वेलदोडा जायफळ, कणीक सैल भिजवायची, पोळी तव्यावर टाकताना घाई करायची नाही. माझी आजी पोळीवर तूप घालताना कधी मोजायची नाही. खाली मराठीत एक ओळ, ती इथे सांगत नाही.

चारही कोपरे नीट आहेत का ते बघितलं आणि सकाळी जाऊन पेटीत टाकलं.